रिपोर्टमधला आकडा आणि घरातला माणूस

आमच्या घरातल्या कपाटात एक निळी फाइल आहे. तिच्यात २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट आहेत, दोन भावांचे. एक आमचे अब्बा आणि दुसरे त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळी मुले बडे अब्बा म्हणायचो. अब्बा अल्हमदुलिल्लाह आज घरात आहेत, नातवंडांवर ओरडतात, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतात. बडे अब्बा नाहीत. रिपोर्ट मात्र याच्या नेमके उलटे सांगतात. ज्यांचे आकडे वाईट होते ते परत आले आणि ज्यांचे आकडे पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो, त्यांना कब्रस्तानात पोहोचवून आलो.

आम्ही शाळेत शिकवतो. घरात बीएड झालेले, इंग्रजी वाचता येणारे, म्हणून कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी आमच्या मोबाइलवर येतो आणि मागोमाग ‘काय लिहिलंय ते बघ’ असा निरोप येतो. त्या वर्षी खानदानातले आणि मोहल्ल्यातले मिळून कितीतरी रिपोर्ट आम्ही पाहिले. कुणाला ‘काही नाही, नॉर्मल आहे’ म्हणालो, कुणाला ‘वाढलंय, मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणालो. आज कबूल करतो की तेव्हा आम्हाला आकडे वाचता येत होते, रिपोर्ट वाचता येत नव्हता. नंतर आम्ही या विषयावर बरेच वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना शंका विचारल्या. जे समजले ते इथे लिहितो आहोत. कोरोनाची ती लाट गेली, पण सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द घराघरात राहिले आहेत आणि मोबाइलवर रिपोर्ट येणे काही थांबलेले नाही.

रमजानमधले ते दिवस

१४ एप्रिलला पहिला रोजा होता. त्याच रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले. पाच-सहा दिवसांनी दोघा भावांना एकाच संध्याकाळी ताप आला. अब्बांचे वय ६७, शुगर जुनी. बडे अब्बा ७१ वर्षांचे, पण ना शुगर, ना बीपी. फजरच्या नमाजनंतर रोज तीन किलोमीटर चालणारे. त्यामुळे सगळ्यांची काळजी अब्बांपुरती होती.

तिसऱ्या दिवशी लॅबचा मुलगा घरी येऊन दोघांचे रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आले. अब्बांचा सीआरपी ४१, बडे अब्बांचा ४. अब्बांचे फेरिटिन वाढलेले, बडे अब्बांचे सगळे आकडे मर्यादेच्या आत. आम्ही घरच्या ग्रुपवर लिहिले, ‘बडे अब्बा एकदम ठीक. अब्बांवर लक्ष ठेवायचे.’ त्या एका ओळीने घरातली सगळी नजर एका खाटेकडे वळली.

सहाव्या दिवशी अब्बांचे रक्त पुन्हा तपासले. सीआरपी ९२ झाला होता, डी-डायमर १८५०. बडे अब्बांचे तपासले नाही. ‘ते ठीक आहेत, उगाच सुई कशाला?’ असे आम्हीच म्हणालो. सातव्या दिवशी अब्बांचा ऑक्सिजन ९१ वर आला आणि त्यांना तालुक्याच्या गावी दाखल केले. घरात ऑक्सिमीटर एकच होता. तो त्यांच्या पिशवीत गेला.

नवव्या दिवशी सेहरीच्या वेळी भाभी बडे अब्बांना गरम पाणी द्यायला गेल्या. ते बोलत होते, हसलेही, पण एक वाक्य पुरे करायला दोनदा थांबले. भाभींना ते खटकले. शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर आणून लावला तर ८२. त्यांना स्वतःला काहीच होत नव्हते. ‘थोडा थकवा आहे’ एवढेच त्यांचे म्हणणे. बेड शोधण्यात दुपार झाली. पाचव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. दफनला आम्ही घरची मोजकी माणसे होतो, तीही लांब उभी. ईदच्या चार दिवस आधी अब्बा घरी आले, तेव्हा त्यांना सांगावे लागले.

वेळेवर कळले असते तर बडे अब्बा वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. हयात आणि मौत अल्लाहच्या हाती आहे. पण तिसऱ्या दिवशीच्या चार आकड्यांवर विसंबून आम्ही त्यांच्याकडे बघणे बंद केले, हे आमचे होते.

हे आकडे नेमके काय मोजतात

सीआरपी हे आपल्या यकृतात तयार होणारे एक प्रथिन. शरीरात कुठेही सूज किंवा संसर्ग झाला की ते वाढते. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघा शास्त्रज्ञांना सापडले. म्हणजे ते कोरोनासाठी शोधलेले नाही. दाढ सुजली तरी वाढते, न्यूमोनियातही वाढते. कुठेतरी धूर आहे एवढे ते सांगते, चूल पेटली आहे की घर, हे सांगत नाही. शिवाय ते झपाट्याने चढते आणि कारण संपले की तितक्याच झपाट्याने उतरते. त्यामुळे तीन दिवसांपूर्वीचा सीआरपी हा तीन दिवसांपूर्वीचाच असतो.

डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा चुरा. कोरोनात फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, म्हणून तो महत्त्वाचा ठरला. पण वय वाढले की तो आपोआप थोडा वाढतो. गरोदरपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो. फेरिटिन हे शरीरातल्या लोहाचे कोठार. सूज असली की तेही वाढते, पण जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे अशा बाईचे फेरिटिन आधीपासून तळाला असते. आपल्या घरांत अशा बायका कमी नाहीत. एलडीएच पेशींच्या आत असते आणि पेशी फुटल्या की रक्तात उतरते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, विषाणूशी लढणाऱ्या. गंभीर कोरोनात त्यांची संख्या घटते.

यातला एकही आकडा कोरोनाचा विषाणू मोजत नाही. शरीर त्या विषाणूला कसे तोंड देते आहे, त्याची ही त्या क्षणाची नोंद आहे. आणि कोरोनाची चाल अशी होती की पहिले काही दिवस साधा ताप आणि ज्यांचे बिघडायचे त्यांचे बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बिघडायचे. तिसऱ्या दिवशी रक्त स्वच्छ असणे यात नवल काहीच नव्हते. आम्ही मात्र तो पूर्ण आजाराचा निकाल समजलो.

वुहानमधून आलेली भाकिते

या आकड्यांवरून पुढचे सांगता येते, ही कल्पना चीनच्या वुहान शहरातून जगभर गेली. तिथल्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातले ५४ जण दगावले होते. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर एक मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांना मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला, हिशेबाने सुमारे १८ पट. ही ‘१८ पट’ जगभर फिरली. पण त्याच अभ्यासात लिहिले होते की खरा आकडा अडीच पटींपासून सव्वाशे पटींपर्यंत कुठेही असू शकतो. रुग्ण थोडे, म्हणून अंदाज एवढा सैल. धोका आहे हे खरे, किती आहे हे त्यातून नीट कळत नव्हते.

मग मे २०२० मध्ये वुहानच्याच टोंगजी रुग्णालयातल्या ४८५ रुग्णांवरून संगणकाने एक सूत्र काढले. एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी, फक्त या तीन आकड्यांवरून कोण दगावेल हे ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने, दहा-दहा दिवस आधी सांगता येते, असा दावा होता. वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण न्यूयॉर्क आणि नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवर तेच सूत्र लावून पाहिले, तेव्हा ते तितके चालले नाही. कारण शोधले तर दोन गोष्टी दिसतात. सूत्र ज्या ३७५ रुग्णांवर बेतले होते त्यातले १७४, म्हणजे जवळपास निम्मे, दगावले होते. इतके गंभीर रुग्ण सगळीकडे नसतात. दुसरे म्हणजे सूत्र बनवताना प्रत्येकाची शेवटची रक्ततपासणी धरली होती. शेवटच्या घटकेच्या रक्तावरून बेतलेले सूत्र पहिल्या दिवशी दाखल झालेल्या माणसाला लावायचे, म्हणजे सहामाही परीक्षेआधी वार्षिक निकाल सांगण्यासारखे.

अशी सूत्रे पुढे ढिगाने आली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही संशोधकांनी ती एकेक करून तपासायला घेतली. २३२ सूत्रे तपासून झाली तेव्हा पुढे वापरून पाहण्याजोगी म्हणून त्यांनी दोनच निवडली होती.

वर्गात करून पाहावे असे गणित

ही गडबड का होते, हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही. आठवीच्या मुलांना समजते, आम्ही वर्गात फळ्यावर करून दाखवले आहे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा एक तपासणी ९० टक्के बरोबर आहे. ज्याचे बिघडणार आहे अशा १०० पैकी ९० जणांना ती ओळखते आणि ज्याचे बिघडणार नाही अशा १०० पैकी ९० जणांना ‘ठीक’ म्हणते. आता घरी असलेले १००० सौम्य रुग्ण घ्या. त्यातल्या २० जणांचे पुढे बिघडणार आहे. तपासणी त्या २० पैकी १८ जणांना पकडेल. उरलेले ९८० बरे होणार आहेत, पण त्यातल्या ९८ जणांनाही ती ‘धोका’ म्हणेल. म्हणजे ‘धोका’ असा रिपोर्ट एकूण ११६ घरांत जाईल आणि त्यातल्या ९८ घरांत तो विनाकारण जाईल. त्या घरांतली रात्र कशी जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता तीच तपासणी रुग्णालयात नेऊ. तिथल्या १००० दाखल रुग्णांपैकी समजा ३०० जणांचे बिघडणार आहे. तपासणी २७० जणांना पकडेल आणि बऱ्या होणाऱ्या ७०० पैकी ७० जणांना चुकून ‘धोका’ म्हणेल. इथे ३४० पैकी २७० रिपोर्ट खरे निघाले. तपासणी तीच, यंत्र तेच. घरी सहापैकी एक रिपोर्ट खरा, वॉर्डात पाचपैकी चार खरे. आकड्याचा अर्थ आकड्यात नसतो, तो कुणाच्या रक्ताचा आहे यात असतो.

आणि घरच्या त्या १००० मधले दोघे राहिलेच, ज्यांना तपासणीने ‘ठीक’ म्हटले आणि ज्यांचे पुढे बिघडले. हजारात दोन म्हणजे काहीच नाही, असे कागदावर वाटते. आमच्या बडे अब्बांसारखी माणसे त्या दोघांत असतात.

एकवीस गुणांची परीक्षा

वर म्हटलेल्या दोन सूत्रांपैकी एक ब्रिटनचे. त्याचे नाव ‘फोर-सी मॉर्टॅलिटी स्कोअर’. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या २६० रुग्णालयांतल्या ३५ हजारांहून अधिक रुग्णांवरून ते बनवले आणि नंतरच्या आणखी २२ हजारांहून अधिक रुग्णांवर पडताळून पाहिले. दाखल होणाऱ्या रुग्णाला आठ गोष्टींवर ० ते २१ गुण द्यायचे. गुण जितके जास्त तितका धोका जास्त.

शिक्षक म्हणून आम्ही आधी गुणविभागणी पाहिली आणि थबकलो. वयाला सर्वाधिक ७ गुण. पुरुष असल्यास १. इतर जुने आजार असल्यास २ पर्यंत. श्वासाची गती वाढली असल्यास २ पर्यंत, ऑक्सिजन ९२ च्या खाली असल्यास २, शुद्धीत फरक असल्यास २. हे झाले १६. रक्ताच्या तपासणीतून येणारे फक्त दोन आकडे: युरिया, ज्याला ३ पर्यंत गुण आणि सीआरपी, ज्याला २ पर्यंत. म्हणजे २१ पैकी रक्ताच्या नळीतून जास्तीत जास्त ५ गुण. उरलेले १६ गुण खाटेजवळ उभे राहून, वय विचारून, श्वास मोजून आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून मिळतात. ज्या डी-डायमर आणि फेरिटिनसाठी आम्ही रात्री जागलो, ते या यादीत नाहीतच.

आम्ही निळी फाइल काढून अब्बांचे गुण मांडले. वयाचे ४, पुरुष म्हणून १, शुगरचा १, श्वासाचा १, ऑक्सिजनचे २, सीआरपीचा १. एकूण १०. नऊ ते चौदा गुण मिळालेल्या गटात ब्रिटनमध्ये १०० पैकी सुमारे ३१ जण दगावले होते. भीती वाटावी असाच आकडा आहे. पण मग ६९ जण घरी गेले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. अब्बा त्या ६९ मधले की ३१ मधले, हे कुठलेही सूत्र सांगू शकत नव्हते. सूत्र गर्दीचे सांगते. आपल्या हातात असतो एक माणूस.

मग बडे अब्बांचे. हे गुण रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत, घरी असलेल्यांना लावायचे नसतात, हे माहीत असूनही आम्ही मांडून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट शून्य गुण देत होता. त्यांचे वय मात्र एकटेच ६ गुण देत होते. ७१ हा आकडा आमच्यासमोर पहिल्या दिवसापासून होता. त्याला लॅब लागत नव्हती.

एकच आकडा, दोन कपडे

अब्बांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा झाला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सहाव्या दिवशी गावातल्या लॅबने डी-डायमर १८५० दिला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या लॅबने ०.९३ दिला. अम्मीने ते ऐकून शुक्राची नमाज पढली, आम्ही ग्रुपवर लिहिले, ‘अठराशेवरून एकच्या खाली!’ तिथल्या डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिला आकडा नॅनोग्रॅममध्ये होता, दुसरा मायक्रोग्रॅममध्ये. हजार नॅनोग्रॅम म्हणजे एक मायक्रोग्रॅम, तेव्हा १८५० चे झाले १.८५. शिवाय पहिला ‘एफईयू’ या मापात होता, दुसरा ‘डीडीयू’ या मापात आणि पहिले माप दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येते. म्हणजे ०.९३ ची दुप्पट, १.८६. काहीही कमी झाले नव्हते. किलो-ग्रॅमचे रूपांतर दरवर्षी शिकवणाऱ्या आम्हाला ते दिसले नाही, कारण आम्ही युनिटचा रकाना पाहिलाच नव्हता. ठळक छापलेला आकडा तेवढा पाहिला.

मग या तपासण्या कशासाठी?

हे सगळे वाचून कुणी म्हणेल की रक्त तपासूच नये. तसे अजिबात नाही. आकडा योग्य जागी असला की तो जीव वाचवायला मदत करतो.

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत टोसिलिझुमॅब हे औषध कुणाला द्यायचे ते ठरवताना दोन अटी एकत्र होत्या: ऑक्सिजन कमी झालेला किंवा लावावा लागलेला हवा आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त हवा. अशा रुग्णांत त्या औषधाने मृत्यू कमी झाले. नीट बघा, एकट्या सीआरपीवर कुणालाही औषध दिले नाही. ऑक्सिजन आणि सीआरपी, दोघांनी मिळून साक्ष दिली तेव्हा दिले. आपल्याकडच्या एम्स आणि आयसीएमआर यांच्या एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शनातही सीआरपी आणि डी-डायमर दर ४८ ते ७२ तासांनी तपासायला सांगितले होते, पण ते मध्यम आजाराच्या, दाखल असलेल्या रुग्णांसाठी. तिथे एका आकड्यापेक्षा चढउतार पाहायचा असतो. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ च्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितले होते की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करत बसू नये, त्याने घबराट वाढते. पण तोवर आपल्याकडे ‘स्कोअर किती?’ हा ‘तब्येत कशी?’ या प्रश्नाचा पर्याय झाला होता. सीटी स्कॅनचा तो २५ पैकीचा स्कोअर विचारून लोक बेड शोधायला लागत.

घबराटीची किंमत नुसती पैशांत नव्हती. ‘रिकव्हरी’ चाचणीतच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल आला होता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६ वरून २३ वर. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा झाला नाही, उलट त्यांच्यात मृत्यू थोडे जास्तच दिसले. तरीही सीआरपी वाढला म्हणून घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केलेली माणसे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. स्टेरॉइडने शुगर चढते आणि शुगर चढलेल्यांना पुढे म्युकरमायकोसिसने गाठले. वर गंमत अशी की स्टेरॉइड घेतले की सीआरपी आपोआप उतरतो. रिपोर्ट सुधारतो, माणूस सुधारला असेलच असे नाही.

आपल्या घरात काय करता येईल

आम्ही डॉक्टर नाही आणि उपचार सांगत नाही. घरात एखादी फाइल सांभाळणाऱ्या माणसाने काय करावे, तेवढेच सांगतो.

कुणी आजारी पडले की कागदावर सर्वांत वर पहिल्या लक्षणाची तारीख लिहावी. प्रत्येक रिपोर्टवर तो आजाराचा कितवा दिवस आहे ते लिहावे. या एका सवयीने आमचा ‘नॉर्मल’ हा शब्द तिसऱ्या दिवसापुरता राहिला असता.

श्वासाचा आजार असेल तर बसल्यावरचा ऑक्सिजन आणि चालल्यावरचा ऑक्सिजन दोन्ही लिहावेत. सहा मिनिटे घरातल्या घरात चालून मोजायची ती पद्धत कोरोनाकाळात आपल्या आरोग्य खात्याने गावोगाव सांगितली होती. बोटाला नेलपॉलिश असेल तर काढावे, हात गार असतील तर आधी चोळून घ्यावेत. मात्र बसल्यावरच दम लागत असेल किंवा आकडा ९४ च्या खाली असेल तर चालवून पाहत बसू नये, दवाखाना गाठावा.

रिपोर्ट दोनदा करायचा झाला तर शक्यतो एकाच लॅबमध्ये करावा आणि आकड्याआधी युनिट वाचावे. तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अदबीने एक प्रश्न विचारावा: ‘हा आकडा वाढलेला आला तर आपण काय वेगळे करणार, आणि नाही आला तर काय?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल तर ती तपासणी तूर्त लागत नाही. पॅकेज स्वस्त आहे म्हणून ते घेणे हे कारण नव्हे.

आणि घरातल्या बायकांकडे बघावे. त्या महिन्यात अम्मी आणि भाभी दोघींनाही खोकला होता. दोघी सेहरी आणि इफ्तार करत होत्या, दोन आजारी माणसांना पाहत होत्या. निळ्या फाइलमध्ये त्यांच्या नावाचा एकही कागद नाही. त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावावा, हे आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाला सुचले नाही. बडे अब्बांचे बिघडल्याचे मात्र कुठल्याही रिपोर्टआधी भाभींनाच कळले, कारण त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

गेल्या पावसाळ्यात भाच्याला डेंगी झाला. रात्री साडेदहाला आपाने प्लेटलेटचा रिपोर्ट पाठवला, खाली लिहिले, ‘खूप कमी आहेत का?’ आम्ही रिपोर्ट उघडला नाही, आधी फोन लावला. ताप येऊन किती दिवस झाले? उलट्या होतात का? पोटात दुखते का? कुठून रक्त येते का? पाणी पितो आहे का, लघवी झाली का? ताप उतरताना जास्त जपायचे, हे सांगितले. आपा वैतागून म्हणाली, ‘अरे पण आकडा बघा ना आधी!’

आकडा बघितला, पण नंतर. आधी म्हटले, ‘त्याच्याकडे फोन दे. त्याचा आवाज ऐकू दे.’